दोन महिने संपायच्या आत लिहा: जर्मनीतल्या वाचकांचे प्रश्न

प्रश्न: ताई, मी मूळचा सांगलीचा, आता श्टुटगार्टजवळ असतो, मशीन डिझाइनमध्ये आहे. जर्मनची सी१ म्हणजे वरच्या पातळीची परीक्षा पास आहे. एका कंपनीच्या जाहिरातीत 'मातृभाषा जर्मन' लिहिलेलं, तरी अर्ज टाकला. लगेच दोन ओळींचा नकार आला, इंटरव्ह्यू पण नाही. मित्र म्हणतात सोडून दे, उगाच व्हिसाचा घोळ व्हायचा. काही करता येतं का?

उत्तर: येतं, पण आधी नकाराच्या मेलची तारीख बघा. जर्मनीत २००६ पासून भेदभावाविरुद्ध कायदा आहे, तिकडे सगळे त्याला 'आगेगे' म्हणतात, आणि त्यात नकार हातात पडल्यापासून दोन महिन्यांत कंपनीला लेखी कळवावं लागतं की मी भरपाई मागतोय, मग तिथून पुढे तीन महिन्यांत लेबर कोर्टात दावा. लोक हे दोन महिने व्हॉट्सॲप ग्रुपवर 'कुणाला असा अनुभव आहे का' विचारण्यात घालवतात आणि मग मला लिहितात, तेव्हा कायद्याने करण्यासारखं काही उरलेलं नसतं.

तुमची केस मला बरी वाटते. भाषा शिकता येते, मातृभाषा शिकता येत नाही, ती कुठल्या घरात जन्मलात त्यावर ठरते, म्हणून जाहिरातीतली अशी अट वंशावरून अप्रत्यक्ष भेदभाव ठरू शकते हे तिथल्या सर्वोच्च लेबर कोर्टाने २०१७ मध्ये सांगितलंय. नुसतं 'उत्तम जर्मन हवं' असतं तर मी एवढी आशा दाखवली नसती, कारण कामाला खरंच भाषा लागत असेल तर कंपनी ती मागू शकते. २०१० मध्ये एका फॅक्टरी कामगाराला कामाच्या लेखी सूचना वाचता येत नव्हत्या म्हणून काढलं, तेव्हा कोर्ट कंपनीच्याच बाजूने गेलं.

जाहिरातीचा स्क्रीनशॉट काढलाय ना? नसेल तर आत्ता काढा, अशा जाहिराती गुपचूप बदलतात. तुम्हाला भेदभाव पूर्ण सिद्ध करावा लागत नाही, संशयाला जागा आहे एवढं दाखवलं की भेदभाव नव्हता हे सिद्ध करायची जबाबदारी कंपनीवर जाते. पत्र आइनश्राइबनने, म्हणजे रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा आणि कॉपी ठेवा.

नोकरी मात्र मिळणार नाही, कायदा कंपनीला नोकरी द्यायला लावत नाही. भेदभाव नसता तरी तुमची निवड झाली नसती असं निघालं तर भरपाई जास्तीत जास्त तीन महिन्यांचा पगार. आणि पहिल्या पायरीच्या लेबर कोर्टात जिंकलात तरी आपल्या वकिलाची फी आपणच भरायची, त्यामुळे कायदेशीर विमा किंवा युनियनची मेंबरशिप आहे का बघा. वकिलाआधी बर्लिनच्या फेडरल भेदभावविरोधी कार्यालयाला लिहा, सल्ला फुकट मिळतो. व्हिसाची भीती मला पटत नाही, हा हक्क व्हिसावर अवलंबून नाही आणि ही कंपनी तर तुमची मालकही नाही.

प्रश्न: बर्लिनला एका सरकारी ऑफिसात बायकोच्या कामाला गेलो. तिथल्या बाई म्हणाल्या जर्मन येत नसेल तर आपल्या देशात जा, आणि कागद घेतलेच नाहीत. इंग्रजीत बोलायला नकार देणं हा पण भेदभाव ना?

उत्तर: नाही हो. सरकारी कामाची भाषा कायद्याने जर्मन आहे, तेव्हा त्या मुद्द्यावर भांडू नका, वाया जाल. देशात परत जा म्हणणं आणि अर्ज न घेणं, तक्रार याचीच करायची. आगेगे सरकारी ऑफिसांच्या असल्या वागण्याला लागू होत नाही, पण बर्लिनने २०२० मध्ये स्वतःचा कायदा केला, तो तिथल्या राज्य सरकारच्या ऑफिसांना लागू आहे, त्यात भाषा आणि वंश दोन्ही येतात आणि तक्रारीसाठी ओम्बुड्सश्टेले, म्हणजे लोकांच्या तक्रारी घेणारं ऑफिस आहे. दिवस, वेळ, खिडकी किंवा रूम नंबर, आणि बायको सोबत होती हे लिहून काढा, तिची साक्ष धरतात. अर्ज पोस्टाने पाठवा म्हणजे तारीख लागते. त्यावर तीन महिने काही ठोस कारण नसताना निर्णय नाही आला तर दिरंगाईविरुद्ध प्रशासकीय कोर्टात जाता येतं, आणि हे बर्लिनबाहेरच्यांनाही लागू आहे.

प्रश्न: प्रोबेशनमध्ये आहे. टीममधले दोघं डब्याच्या वासावरून आणि माझ्या उच्चारावरून रोज चेष्टा करतात. तक्रार केली तर काढतील का?

उत्तर: तक्रार केली म्हणून शिक्षा करायला कायद्याने बंदी आहे. पण पहिल्या सहा महिन्यांत कारण न देताही काढू शकतात, बहुतेक ठिकाणी दोन आठवड्यांच्या नोटिशीवर, मग ते तक्रारीमुळेच काढलं हे दाखवणं तुमच्या गळ्यात येतं. म्हणून तोंडी तक्रार अजिबात नको. कोण काय म्हणालं, कुणी ऐकलं, तारखेसकट लिहा, मग कंपनीत तक्रारीसाठी नेमलेली जागा असावीच लागते तिथे मेल करा, बेट्रिब्सराट म्हणजे कामगारांची कौन्सिल असेल तर तिला कॉपी. त्या मेलची तारीख नोटिशीच्या आधीची असली की पुढे खूप उपयोगी पडते. काढलंच तर तीन आठवड्यांत कोर्टात, आणि नोकरीच्या व्हिसावर असाल तर दोन आठवड्यांत परदेशी नागरिकांच्या ऑफिसला कळवायचं, ते विसरलात तर दुसरंच लफडं.