रोज एक इंग्रजी सुविचार पाठ केल्याने मुलीचं इंग्रजी सुधारेल का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी सातवीत आहे, मराठी माध्यमात. रोज सकाळी तिच्याकडून एक इंग्रजी सुविचार पाठ करून घेता, वही भरत आली, तरी तिला इंग्रजीत चार वाक्यं सलग लिहिता येत नाहीत. संस्कार, सकारात्मक विचार आणि इंग्रजी हे तिन्ही एकदम देणारी पुस्तकं सुचवा, असं तुमचं म्हणणं.

पुस्तकांचं नंतर बघू. आधी सुविचार बंद करा.

सुविचारात माणूस नसतो, जागा नसते, काल-परवा नसतो. 'सक्सेस', 'कॉन्फिडन्स', 'अ‍ॅटिट्यूड' अशी हाताला न लागणारी नामं असतात आणि मध्ये एक 'इज'. अशी दोनशे वाक्यं पाठ झाली तरी 'काल माझी सायकल पंक्चर झाली म्हणून उशीर झाला' हे मुलीला सांगता येणार नाही, कारण त्यात भूतकाळ लागतो, कारण लागतं, क्रम लागतो. हे सगळं गोष्टीत मिळतं. प्रेरणादायी पुस्तकांचंही तेच. ती मोठ्यांनी वाचावीत, पण भाषा शिकायला ती फार पातळ आहेत.

गोष्ट मात्र तिला मराठीत आधीच पाठ असलेली हवी. तहानलेला कावळा घ्या. हसू नका, सातवीला ही गोष्ट बालिश वाटते ती मराठीत. इंग्रजीत ती सोपी नाही. इसापनीतीचा व्हर्नन जोन्स यांनी केलेला १९१२चा इंग्रजी अनुवाद प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहे. त्यात ही अख्खी गोष्ट फक्त ३ वाक्यांची आहे. पहिलं लांबलचक, मधलं आठ शब्दांचं, तिसरं पुन्हा लांब. पहिल्यात अडचण, मधल्यात युक्ती, तिसऱ्यात खडे. ही लांबी-आखूडपणा मुलीला मोठ्याने वाचून ऐकू येऊ द्या. पहिल्या दिवशी एवढंच करायचं. शब्दकोश नको.

दुसऱ्या दिवशी शब्द. 'ट्राय अ‍ॅज शी माइट' इथे ती अडेल. अर्थ सांगू नका, विचारा की आपण मराठीत काय म्हणू. 'काही केल्या' हे उत्तर येईपर्यंत थांबा. पुढे 'कुड नॉट रीच' आहे. 'डिड नॉट रीच' का नाही? कारण 'चोच पोचली नाही' आणि 'चोच पोचेना' यांत जो फरक आहे तोच इथे आहे. 'पोचेना'त धडपड ऐकू येते. मराठी मुलाला हा फरक आईच्या भाषेतून आधीच कळलेला असतो, त्याला फक्त इंग्रजी खुंटी दाखवायची. व्याकरणाच्या पुस्तकातलं 'कुड'चं पान यानंतर उघडा, आधी नाही.

तिसऱ्या दिवशी तिने गोष्ट आपल्या मराठीत उतरवून काढायची. चौथ्या दिवशी इंग्रजी पुस्तक मिटून, फक्त आपलं मराठी समोर ठेवून परत इंग्रजीत लिहायची. पाचव्या दिवशी दोन्ही शेजारी ठेवायची. ही पद्धत काही नवी नाही, तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर मराठी घरांच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. आणि सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८२८ साली इसापच्या गोष्टी मराठीत आणल्या तेव्हा छापील मराठी गद्य नुकतं कुठे उभं राहत होतं. त्याच वाटेने आपण उलटं चालत जातोय, यात कमीपणा काहीच नाही. भाषांतराने इंग्रजी बिघडतं असं आजकाल ठासून सांगितलं जातं. बिघडतं ते शब्दाला शब्द ठेवल्याने, भाषांतराने नाही.

पाचव्या दिवशी तीन चुका बहुतेक सापडतीलच. पहिली, 'द वॉटर रेझ्ड'. पाणी चढलं ते 'रोझ', कावळ्याने चढवलं ते 'रेझ्ड'. चढणं-चढवणं ही जोडी सांगितली की लगेच कळतं. दुसरी, 'अनटिल इट डिड नॉट रीच द ब्रिम'. मराठीत 'जोपर्यंत पाणी काठाला आलं नाही तोपर्यंत' असं म्हणतो, तो 'नाही' मुलं इंग्रजीत घेऊन येतात. 'अनटिल'च्या पोटात तो 'नाही' आधीच आहे, दुसरा घातला की अर्थ उलटा होतो. तिसरी, कावळ्याला कधी 'ही', कधी 'इट'. या अनुवादात ती 'शी' आहे, कावळीच म्हणा. मुलीने 'ही' लिहिलं तरी चालेल, पण शेवटपर्यंत तेच ठेवायचं. लाल पेन्सिल एवढ्यापुरतीच. प्रत्येक स्पेलिंगवर गोल मारलात तर पुढच्या आठवड्यात वही दप्तरातून बाहेर येणार नाही.

आता संस्कारांचं. बहुतेक घरांत आणि वर्गांत गोष्ट संपायच्या आत 'यावरून काय बोध मिळतो?' हा प्रश्न येतो, आणि मूल 'वी शुड नेव्हर गिव्ह अप' असं तयार उत्तर देऊन मोकळं होतं. तात्पर्य आधी हातात दिलं की गोष्ट वाचायचं कारणच उरत नाही. आधी संस्कार, मग भाषा, असं म्हणणारे शिक्षक मनाने चांगले असतात, तरी त्यांचं हे चुकतंच. व्हर्नन जोन्सच्या पुस्तकात गोष्टीखाली तात्पर्य छापलंय, गरज ही शोधाची जननी अशा अर्थाचं. त्यावर कागदाची पट्टी चिकटवा.

तुम्हाला हवा तो सकारात्मक विचार कुठे आहे, सांगतो. पहिल्या वाक्यात पाणी 'सो लिट्ल' आहे. तिसऱ्यात प्रत्येक खड्याबरोबर ते 'अ लिट्ल हायर' येतं. 'लिट्ल' म्हणजे नसल्यातच जमा, 'अ लिट्ल' म्हणजे थोडं का होईना, आहे. या दोन वाक्यांखाली बोट ठेवून मुलीला विचारा, मध्ये काय बदललं? ती स्वतः म्हणेल की कावळीने खडे टाकायला सुरुवात केली. एवढ्याशा 'अ'ने जे सांगितलं ते पाठ केलेल्या सुविचाराने सांगितलं नसतं, आणि 'लिट्ल' व 'अ लिट्ल' यांतला फरकही ती परत विसरणार नाही.

सहाव्या दिवशी पुस्तक बाजूला ठेवा. काचेची बरणी आणि धुतलेले खडे घ्या. एकदा बरणीत अर्ध्याच्या वर पाणी घ्या, एकदा जेमतेम पाव. खडे टाकत जाताना काय होतंय ते तिने इंग्रजीत बोलायचं, मोडकंतोडकं चालेल, मध्ये दुरुस्त करायचं नाही. पाव बरणी पाण्यात खडे काठापर्यंत आले तरी पाणी वर येत नाही, खड्यांमधल्या फटींत जिरून राहतं. मग विचारा: पाणी एवढंच असतं तर कावळीने काय केलं असतं? इथे 'इफ देअर हॅड बीन लेस वॉटर, शी वुड हॅव' ही रचना आपसूक लागते. आणि नुसती जिद्द पुरत नाही, आधी पाणी किती आहे ते बघावं लागतं, हेही तिच्या डोळ्यांसमोर होतं. सकारात्मक विचारात मी हेही धरतो.

भिंतीवर लावलेल्या लिंकनच्या हेडमास्तरांना लिहिलेल्या पत्राचं तुम्ही विचारलंय. वसंत बापटांचं मराठी रूप सुंदर आहे, ते मुलीला मराठीतच म्हणू द्या. इंग्रजीचा पाठ म्हणून मात्र घेऊ नका. लिंकनच्या संकलित लेखनात हे पत्र सापडत नाही, आणि फिरणारे इंग्रजी मजकूर एकमेकांशी जुळत नाहीत.

पुस्तकं विचारलीत, तर पहिल्या तीन महिन्यांत इसापच्या दहा-बारा गोष्टी पुरे, आठवड्याला एक. नंतर शांता गोखले यांनी इंग्रजीत आणलेली 'श्यामची आई', कारण ती तिने मराठीत वाचलेली असेल. नवीन पुस्तक घेताना कुठलंही एक पान उघडून शंभर शब्द मोजा. पाचापेक्षा जास्त शब्द अडले तर ते पुस्तक वर्षभर ठेवून द्या, कितीही चांगलं असलं तरी.

दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. याने लिहिणं-वाचणं सुधारेल. उच्चार आणि बोलणं यांसाठी कानावर इंग्रजी पडायला हवं, ते वेगळं करावं लागेल. आणि या अनुवादाची भाषा शंभर वर्षांपूर्वीची आहे. शेवटी 'वॉज एनेबल्ड टू' येतं, त्याऐवजी तिला 'वॉज एबल टू' लिहायला सांगा. 'कुड' नको, कारण कावळीला पाणी एकदाच, त्या वेळी, प्रत्यक्ष प्यायला मिळालं. 'क्वेंच' मात्र राहू द्या, तहान भागवण्याला तो शब्द अजून चालतो.