'एब' म्हणजे ओहोटी, पण कुठली ओहोटी?

तुम्ही विचारलंय की इंग्रजी 'एब' आणि 'लो टाइड' या दोन्हींना आपण ओहोटीच म्हणतो, मग फरक काय आणि 'एब' वाक्यात वापरायचा कसा.

मला हा फरक शब्दकोशात नाही, अलिबागच्या किनाऱ्यावर कळला. कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं एवढंच ऐकून गेलो होतो. तिथे एकाला विचारलं, तर म्हणाला, "ओहोटी लागली." मी चपला हातात घेऊन निघालो आणि थोड्याच वेळात कमरेपर्यंत भिजून परत आलो. ओहोटी लागली होती हे खरं, पण पाणी आत्ता कुठे उतरायला लागलं होतं. ते उतरणं म्हणजे 'एब'. उतरून उतरून जिथे थांबतं, ती 'लो टाइड'. मधे साधारण सहा तास जातात. आपल्याकडे ओहोटी हा शब्द दोन्हीकडे चालतो, म्हणूनच घोळ होतो.

(किल्ल्यात जायचं असेल तर जुना हिशोब: तिथीची पाऊणपट केली की मुंबई-अलिबागकडची पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते. चतुर्थीला तीन, म्हणजे पूर्ण ओहोटी नऊच्या आसपास.)

क्रियापद म्हणून 'एब' आला की मराठीत डोळे झाकून 'ओसरणे' घ्या. 'द टाइड इज एबिंग' म्हणजे पाणी ओसरतंय. 'हिज स्ट्रेंथ एब्ड अवे' म्हणजे त्याची ताकद हळूहळू ओसरत गेली. एका झटक्यात संपलेल्या गोष्टीला हा शब्द शोभत नाही. पुराचं पाणीही आपण ओसरलं म्हणतो, पण तिथे इंग्रजीत सहसा 'रिसीड' येतं. डोक्यावरचे केस मागे हटतात तेही 'रिसीड'च!

'ॲट अ लो एब' मात्र वरच्या फरकाला जुमानत नाही. तिथे उतरणं नाही, तळ गाठलेला असतो. 'मोराल वॉज ॲट अ लो एब' म्हणजे लोकांचा धीर पार खचला होता. ('उत्साहाला ओहोटी लागली' हे वाक्य इथे जरा कमी पडतं, कारण 'लागली' म्हटलं की सुरुवात आली.)

सगळ्यात जास्त चुकतं ते 'एब अँड फ्लो'. याचं भाषांतर 'ओहोटी आणि प्रवाह' असं छापलेलं मी पाहिलंय. इथला 'फ्लो' म्हणजे भरती. दर्यावर्दी लोक तिला 'फ्लड' म्हणतात, त्याचाही महापुराशी संबंध नाही. आपण क्रम उलटा लावतो, भरती-ओहोटी. कोकणात भरती-सुकती असंही ऐकाल. बाजारातल्या गर्दीचा 'एब अँड फ्लो' असेल तर समुद्राला मधे आणूच नका, 'गर्दी कमी-जास्त होत राहते' एवढं पुरतं.

उच्चार ऱ्हस्व 'ए'चा, 'वेब'सारखा. लिहिताना शेवटी 'बी' दोनदा.