सुरुवात एका आगीपासून कर

प्रश्न : मी बी.ए. इतिहासाच्या शेवटच्या वर्षाला आहे, माध्यम मराठी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अमेरिकेतल्या सामाजिक-राजकीय सुधारणा चळवळींवर मला संशोधन करायचं आहे. बाबा म्हणतात, यात नोकरी नाही, स्पर्धा परीक्षा दे. काय करू? – एक विद्यार्थिनी, सांगली जिल्हा

उत्तर : बाबांची काळजी रास्त आहे, आधी त्याबद्दल. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत 'अमेरिकेच्या इतिहासाचा प्राध्यापक' अशी जागा निघत नाही, जागा निघते ती इतिहासाची. म्हणून एम.ए. करताना भारत आणि महाराष्ट्राचा इतिहास पक्का हवा. सोबत नेट किंवा सेट, म्हणजे प्राध्यापकपदासाठीची पात्रता परीक्षा. नेटला पहिला पेपर 50 प्रश्नांचा, दुसरा 100 प्रश्नांचा. वेळ एकूण तीन तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती) मिळाली तर महिना 37,000 रुपये आणि घरभाडे भत्ता. तिची वयोमर्यादा 30, मुलींना पाच वर्षांची सवलत. खुल्या गटाला एम.ए.त 55 टक्के लागतात, इथे ढिलाई नको.

आता विषय. तू लिहिलेला विषय फार मोठा आहे. त्यात प्राप्तिकर आला, सिनेटची थेट निवडणूक आली (दोन्ही घटनादुरुस्त्या 1913 च्या), दारूबंदी आणि स्त्रियांचा मताधिकार आला, शिवाय बालमजुरी, अन्नभेसळ, शहरांचा कारभार. एवढ्यावर प्रबंध होत नाही, फक्त सारांश होतो. आराखडे नाकारले जातात ते बहुतेक याच कारणाने.

एक राज्य, एक कायदा धर. उदाहरण देतो. 25 मार्च 1911 ला न्यूयॉर्कमध्ये ट्रँगल शर्टवेस्ट या स्त्रियांचे ब्लाउज शिवणाऱ्या कारखान्याला आग लागली. दहा मजली इमारतीच्या वरच्या तीन मजल्यांवर कारखाना होता आणि नवव्या मजल्यावरचा एक दरवाजा कुलूपबंद होता. 146 जण गेले. त्यात बहुतेक परदेशातून आलेल्या ज्यू आणि इटालियन कुटुंबांतल्या तरुण मुली होत्या. मालक त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निर्दोष सुटले. पण राज्याने कारखाना चौकशी आयोग नेमला, राज्याच्या विधिमंडळातले रॉबर्ट वॅग्नर अध्यक्ष, अल स्मिथ उपाध्यक्ष. पुढच्या काही वर्षांत कामगार कायद्यांची रांग लागली. 1912 मध्ये स्त्रियांसाठी आठवड्याला 54 तासांची मर्यादा आली, मात्र फळं-भाज्या डबाबंद करणारे कारखाने तीतून वगळले. का वगळले, कोणाच्या दबावाखाली, आणि सुधारकांनी ते का मान्य केलं? हा झाला संशोधनाचा प्रश्न. असा प्रश्न तू सांगलीत बसून हाताळू शकतेस.

कारण आयोगाचे अहवाल आणि साक्षी इंटरनेट अर्काइव्हवर फुकट वाचता येतात. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या 'क्रॉनिकलिंग अमेरिका'त त्या काळची वृत्तपत्रं आहेत. तिथे शोध घेताना एक अडचण येते. जुनी छपाई संगणकाला नीट वाचता येत नाही, त्यामुळे एकच शब्द टाकला की निम्म्या बातम्या निसटतात. 'शर्टवेस्ट' जोडून टाक, तोडून टाक, नुसतं 'वेस्ट' टाक. 'स्त्री कामगार' नको, 'गर्ल' टाक; तेव्हाची वृत्तपत्रं तेच लिहीत. प्रत्येक नोंदीवर तारीख, बोलणाऱ्याचं नाव, पृष्ठ क्रमांक हवाच. सहा महिन्यांनी तो शोधत बसणं फार जड जातं.

एका शब्दाबद्दल सावध राहा. आपल्याकडे 'पुरोगामी' म्हटलं की फुले-शाहू-आंबेडकर डोळ्यांसमोर येतात. तो अर्थ अमेरिकेतल्या 'प्रोग्रेसिव्ह' लोकांवर लादू नकोस. सुधारणावादी म्हणून निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्याच कारकिर्दीत केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत काळ्या कर्मचाऱ्यांना वेगळं बसवण्याचं धोरण पसरलं. इंडियानाने 1907 मध्ये सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला, तोही सुधारणेच्या नावाखालीच. हे टाळून लिहिलेला निबंध जाणकार परीक्षक बाजूला ठेवेल.

महाराष्ट्राशी खरा दुवाही इथे आहे. बाबासाहेब 1913 ते 1916 कोलंबिया विद्यापीठात होते, प्राप्तिकराचे पुरस्कर्ते सेलिग्मन त्यांचे प्राध्यापक. चौकशी आयोगाचं काम तेव्हा त्याच शहरात चालू होतं. पुढे ते मजूरमंत्री असताना 1946 मध्ये भारतातल्या कारखान्यांचा आठवडा 54 तासांवरून 48 वर आला. आकडा जुळला म्हणून प्रभाव सिद्ध होत नाही. कागद सापडला तरच तसं लिहायचं. पण शोधायला ही जागा सुरेख आहे.

अमेरिकेत पीएच.डी. पाच-सहा वर्षांची असते. चांगल्या विद्यापीठांत शुल्कमाफी आणि विद्यावेतन मिळतं, अर्ज साधारण डिसेंबरात भरतात. तीन शिफारसपत्रं, दोन पानी उद्देशपत्र आणि वीसेक पानांचा स्वतःचा निबंध लागतो. निर्णय बराचसा त्या निबंधावर होतो. तो मराठीत लिहून मग भाषांतर करू नकोस, लहान वाक्यांत थेट इंग्रजीत लिही. भारतातच पीएच.डी.ला नोंदणी केलीस, तर फुलब्राइट-नेहरू डॉक्टरल फेलोशिपवर सहा ते नऊ महिने तिकडच्या दप्तरखान्यांत काम करता येतं.

बाबांशी एम.ए.ची दोन वर्षं ठरवून घे. दुसऱ्या वर्षी नेट दे आणि तोवर हा निबंध पूर्ण कर. इतिहासाची ही तयारी स्पर्धा परीक्षेलाही उपयोगी पडते, हे त्यांना दाखव. या आठवड्यात आयोगाच्या 1912 च्या अहवालातली एकच साक्ष उघड आणि शब्दकोश जवळ ठेवून दहा पानं वाच.