जंतू समोर नसताना पांढऱ्या पेशी एवढा ऑक्सिजन का ओढतात?

आपण विचारले आहे की, रक्ताच्या नमुन्यात पीएमए नावाचे रसायन घातल्याबरोबर पांढऱ्या पेशींचा ऑक्सिजनचा वापर एकदम वाढतो, तर त्यांना एवढी ऊर्जा कशासाठी लागते आणि जंतू नसताना त्या चाळवतात तरी कशाने? रोगप्रतिकारशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी ही चाचणी नेहमी करते, म्हणून उत्तर देते आहे. प्रश्नाचा पहिला भाग मात्र आधी दुरुस्त करावा लागेल, कारण हा ऑक्सिजन पेशी ऊर्जेसाठी घेतच नाहीत.

हा समज आपल्या एकट्याचा नाही. १९३३ साली बाल्ड्रिज आणि जेरार्ड यांना कुत्र्याच्या श्वेतपेशी जीवाणू गिळताना जादा ऑक्सिजन घेतात असे आढळले, तेव्हा गिळण्याच्या कष्टांमुळे पेशींचे श्वसन वाढत असावे, हा तर्क साहजिकच होता. परंतु ज्या न्यूट्रोफिल या प्रकारच्या पांढऱ्या पेशींत हा प्रकार सर्वांत जोरात दिसतो त्यांच्यात तंतुकणिका (ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवणारे पेशीतले मायटोकॉन्ड्रिया) मुळातच थोड्या असतात, आणि त्यांचा नेहमीचा ऊर्जाखर्च बहुतांशी ऑक्सिजनशिवाय होणाऱ्या ग्लुकोजच्या विघटनावर भागतो. सायनाइड घालून तंतुकणिकांचे श्वसन बंद पाडले तरी ही वाढ चालूच राहते. मग हा ऑक्सिजन जातो कुठे? १९७३ साली बेबियर, किप्नेस आणि कर्नट यांनी दाखवून दिले की जीवाणूंशी गाठ पडलेल्या मानवी श्वेतपेशी त्यापासून सुपरऑक्साइड तयार करतात, म्हणजे ऑक्सिजनच्या रेणूवर एक जादा इलेक्ट्रॉन चढवतात. त्यापासून पुढे हायड्रोजन पेरॉक्साइड बनते, आणि मायलोपेरॉक्सिडेज हे एन्झाइम क्लोराइडच्या साहाय्याने त्याचे हायपोक्लोरस आम्लात रूपांतर करते, जे आपल्या घरातल्या ब्लीचचे सख्खे भावंड आहे. (पुवाला येणारी हिरवट झाक याच मायलोपेरॉक्सिडेजची.)

हे काम करणाऱ्या यंत्रणेला एनएडीपीएच ऑक्सिडेज म्हणतात, आणि ती शांत पेशीत मुद्दामच सुटी करून ठेवलेली असते. तिचे दोन भाग पेशीच्या पटलांत रुतलेले असतात, तर पी-४७, पी-६७ आणि पी-४० ही प्रथिने पेशीद्रवात वेगळी असतात. पी-४७ हे प्रथिन स्वतःवरच दुमडून बसलेले असते. त्यावर फॉस्फेटचे गट चढले की ते उलगडते, सोबत्यांना घेऊन पटलाशी जाते, आणि रॅक नावाचे आणखी एक लहान प्रथिन येऊन मिळाले की यंत्र जुळते. मग पटलाच्या आतल्या बाजूच्या एनएडीपीएच या इलेक्ट्रॉन वाहून आणणाऱ्या रेणूकडून आलेले इलेक्ट्रॉन पलीकडच्या ऑक्सिजनला दिले जातात. खर्च झालेले एनएडीपीएच भरून काढण्यासाठी ग्लुकोज पेंटोज फॉस्फेट या एनएडीपीएच बनवणाऱ्या मार्गाकडे वळवले जाते.

आता रसायनाकडे येऊ. जीवाणूंची प्रथिने फॉर्मिल-मेथिओनीन या अमिनो आम्लाने सुरू होतात, आपल्या पेशीद्रवात बनणारी तशी सुरू होत नाहीत, आणि हा फरक ओळखणारे रिसेप्टर, म्हणजे बाहेरचा संकेत टिपणारी प्रथिने, न्यूट्रोफिलच्या पृष्ठभागावर असतात. एफएमएलपी हे कृत्रिम पेप्टाइड त्याच रिसेप्टरवर बसते. तिथून निघालेल्या संकेतामुळे पेशीत कॅल्शियम वाढते, डायअसाइलग्लिसरॉल हा निरोप पोचवणारा स्निग्ध रेणू तयार होतो, आणि तो प्रोटीन कायनेज सी या एन्झाइमला जागे करतो, जे पी-४७वर फॉस्फेट चढवते. ऑक्सिजनच्या वापराचा हा भडका काही सेकंदांत सुरू होतो आणि थोड्याच मिनिटांत विझतो. पीएमए ही सगळी पायरी-पायरी टाळते. हे रसायन आपल्याकडे जालीम जुलाब म्हणून कुप्रसिद्ध असलेल्या जमालगोट्याच्या तेलातले आहे. ते स्निग्ध असल्यामुळे पेशीपटलात सहज शिरते आणि डायअसाइलग्लिसरॉलची जागा घेऊन प्रोटीन कायनेज सीला थेट चालना देते, हे १९८२ साली निशिझुका यांच्या गटाने जपानमध्ये दाखवले. पेशी त्याचा लवकर निचरा करू शकत नाही, म्हणून भडका अर्ध्या-एक मिनिटाने पेटला तरी बराच वेळ जळत राहतो. (उंदरांच्या त्वचेवर ते गाठींच्या वाढीला चालना देते, त्यामुळे त्याची कुपी आम्ही हातमोज्यांशिवाय उघडत नाही.)

प्रत्यक्ष चाचणीत लाल पेशी फोडून टाकल्यावर उरलेल्या पांढऱ्या पेशींत डीएचआर हा रंगहीन, पण भडक्यातल्या पेरॉक्साइडमुळे चमकू लागणारा पदार्थ घालतो, ३७ अंश सेल्सिअसला पीएमए देऊन सुमारे पंधरा मिनिटे थांबतो आणि नळी फ्लो सायटोमीटरला, म्हणजे एकेका पेशीची चमक मोजणाऱ्या यंत्राला, लावतो. निरोगी माणसाच्या न्यूट्रोफिल हिरव्या चमकतात आणि पडद्यावरचा उंचवटा पूर्णच्या पूर्ण उजवीकडे सरकतो. क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज हा या ऑक्सिडेजचा जन्मजात दोष असलेल्या, म्हणजे वारंवार गळू, ॲस्परजिलस बुरशीचा न्यूमोनिया किंवा बीसीजीच्या लशीनंतर काखेत चिघळणारी गाठ घेऊन येणाऱ्या मुलाच्या नमुन्यात तो जागचा हलत नाही किंवा जेमतेम हलतो. आणि दोष एक्स गुणसूत्रावरचा असेल तर वाहक आईच्या नमुन्यात बहुधा दोन वेगळे उंचवटे दिसतात, एक चमकणाऱ्या पेशींचा आणि एक अंधाऱ्या पेशींचा.

मात्र पीएमए पुढच्या दारातून, म्हणजे रिसेप्टरवाटे, आत येतच नाही, म्हणून त्या दाराची परीक्षाही या चाचणीत होत नाही. पी-४०च्या दोषात पीएमएला मिळणारा प्रतिसाद जवळजवळ सामान्य येऊ शकतो, जरी गिळलेल्या जंतूसमोर तीच पेशी कमी पडत असली तरी. तेव्हा लक्षणे बोलकी असतील आणि पीएमएचा अहवाल चांगला आला असेल, तर जंतूचेच कण वापरून चाचणी पुन्हा करून घ्यावी.