पहिल्यांदाच परदेशी मिशन ट्रिपला जायचंय, तयारी कशी करू?

तुम्ही लिहिलंय की चर्चच्या मंडळीच्या टीमबरोबर जुलैत पंधरा दिवस केनियाला जायचंय, विमानातही पहिल्यांदाच बसणार, नेपाळ स्वस्त पडेल का असाही घरी विचार चाललाय, आणि बॅगेत काय भरायचं इथपासून सगळंच विचारायचंय. मी ऐरोलीची. चार वर्षांपूर्वी आमच्या मंडळीतले सात जण केनियातल्या किसुमू शहराजवळच्या एका गावी गेलो होतो. बॅगेचं नंतर सांगते, ते सोपं आहे.

आधी पिवळ्या तापाची लस. भारतातून थेट केनियात उतरणाऱ्याला तिकडे सहसा कुणी ती विचारत नाही, म्हणून माणसं गाफील राहतात. विचारतात ते परत येताना, आपल्याच विमानतळावर. लस घेतल्याचं कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. लस टोचल्यानंतर दहा दिवसांनी ते कार्ड लागू होतं. आमच्यातल्या एका काकांनी निघायच्या सहा दिवस आधी लस घेतली आणि तिकीट पुढे ढकलण्याचा भुर्दंड भरला. ही लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नाही. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. दहा वर्षांनी पुन्हा घ्यायचा नियम २०१६ मध्ये गेला. अंड्याची जोरदार अ‍ॅलर्जी असेल किंवा टीममध्ये कुणी साठीपुढचं असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला. मलेरियाच्या गोळ्यांचंही तेव्हाच विचारा. नैरोबी उंचावर आहे म्हणून तिथे मलेरिया कमी, पण किसुमूकडे, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठाला, तो भरपूर. काही गोळ्या परत आल्यावरही चार आठवडे घ्याव्या लागतात आणि घरी पोचल्यावर नेमक्या त्याच विसरतात.

आमच्या वेळी ई-व्हिसा होता, २०२४ पासून त्याजागी ईटीए आहे, म्हणजे निघण्याआधी ऑनलाइन घ्यायची प्रवासाची परवानगी. प्रवासाचं कारण खरं तेच लिहा, तिथल्या मंडळीचं निमंत्रणपत्र जोडा. ‘टुरिस्ट लिहा, कोण बघतंय’ असं सांगणारा एक जण प्रत्येक टीममध्ये असतो. त्याचं ऐकू नका.

नेपाळचं म्हणाल तर तिथे व्हिसा लागत नाही, पण दुसऱ्याचं धर्मांतर करणं किंवा तसा प्रयत्न करणं हा गुन्हा आहे. २०१८ पासून लागू असलेल्या कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे, आणि परदेशी माणसाला शिक्षेनंतर देशाबाहेर काढतात. स्वस्त म्हणून जायची ती जागा नव्हे.

आता मला खरं जे सांगायचंय ते. मी चौथीत असताना नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावी परदेशातून पंधरा-वीस पाहुणे आले होते. त्यांनी चर्चची भिंत रंगवली. मागच्या गल्लीतले रंगकाम करणारे दोघे भाऊ तेव्हा कामाविना घरी बसून होते. पाहुणे गेल्यावर त्यांनीच ती भिंत खरवडून पुन्हा रंगवली. आई आणि बाकीच्या बायका आठ दिवस चुलीपुढे, बिनतिखटाचा स्वयंपाक करत. आम्हा पोरांचे फोटो तर इतके काढले की विचारू नका. ते कुठे गेले, देव जाणे. माणसं मात्र वाईट नव्हती हो. त्यातली एक बाई रोज संध्याकाळी आजीशेजारी बसून शेंगा फोडायची. दोघींना एकमेकींचा शब्द कळत नव्हता. आजी पुढे कित्येक वर्षं तिची चौकशी करायची.

हे आठवून किसुमूच्या पाळकसाहेबांना, म्हणजे तिथल्या चर्चच्या पास्टरना, आम्ही निघायच्या आधीच विचारलं, तुम्हाला काय हवंय? ‘काही नको, तुम्ही फक्त या.’ आपणही पाहुण्यांना असंच म्हणतो ना? तिसऱ्यांदा विचारल्यावर कळलं की रविवारच्या शाळेच्या शिक्षकांसाठी दोन दिवसांचा वर्ग हवाय आणि शौचालयावर छप्पर. छप्पर तिथल्याच सुताराने घातलं, त्याची मजुरी आमच्या महिला मंडळाने नाताळात करंज्या-चकल्या विकून जमवली होती. आम्ही पत्रे उचलून दिले, आणि तेही दोनदा उलटे.

साक्ष, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव चर्चपुढे सांगणं, तीन मिनिटांची तयार करा. दुभाष्यामुळे तिची सहा होतात. आम्ही इंग्रजीत बोलायचो, तो स्वाहिलीत सांगायचा. छोटी वाक्यं, एक वाक्य झालं की थांबायचं, विनोद आणि म्हणी घरी ठेवायच्या. सराव इथेच करा: तुम्ही इंग्रजीत बोला, मंडळीतल्या कुणाला तरी मराठीत सांगायला लावा. कुठे अडकतं ते लगेच दिसतं. वसईचे संत गोन्सालो गार्सिया जपानी बोलायचे, म्हणून सोळाव्या शतकात तिथे गेलेल्या फ्रान्सिस्कन साधूंचे दुभाषी तेच झाले. आपल्याला पंधरा दिवसांत तेवढं जमायचं नाही, पण ‘ब्वाना असिफिवे’ एवढं शिका. प्रभूची स्तुती असो, असा त्याचा अर्थ. मी ते म्हणताच अख्खं चर्च ‘आमेन’ म्हणालं आणि माझे थरथरणारे पाय जरा थांबले.

जेवणाची काळजी नको. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, सोबत सुकुमा विकी ही पालेभाजी. चहा असतोच, आणि चपातीला तिथेही चपातीच म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रेल्वे बांधायला गेलेल्या आपल्या मजुरांबरोबर ती तिकडे गेली.

बॅग. केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे आणि दंड जबर. चिवडा, चटणी, ओले कपडे, सगळं डब्यांत किंवा कापडी पिशवीत भरा. माझ्या बॅगेतून पहाटे तीनला नैरोबीच्या विमानतळावर अकरा पिशव्या निघाल्या, चटणी हातात धरून उभी होते. प्लग तीन चौकोनी पिनांचा लागतो. चर्चला जायला बायकांनी गुडघ्याखाली येणारं काहीही घातलं तरी चालतं, मी साडीच नेसले.

अजून एक. परत आल्यावर तिथून फीसाठी, औषधासाठी मेसेज येतील. बरेच खरे असतात. कुणी एकट्याने परस्पर पैसे पाठवायचे की सगळं दोन्हीकडच्या पाळकांमार्फत करायचं, हे निघायच्या आधी टीमने बसून ठरवा. आम्ही ठरवलं नव्हतं, आणि त्यावरून दोघांचं बोलणं बंद झालं ते अजून तसंच आहे.

लसीला जाताना पासपोर्ट मूळ न्या, कार्डावर त्याचा नंबर घालतात.