जोर्वेचं खापर हातात घेताना

आमचे पुरातत्त्वाचे सर गेले आणि तुझी त्यांच्याशी भेट राहूनच गेली, याची फार हळहळ वाटते. १९६८ साली सुरू झालेल्या पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननात तयार झालेला तो माणूस. पहिल्यांदाच साइटवर निघाला आहेस, तर त्यांची शिकवण ऐक. छेदात, म्हणजे खणलेल्या चराच्या उभ्या भिंतीत, डोकावणारं खापर कितीही देखणं असो, उपटू नकोस. थर उतरेपर्यंत थांब. जोर्वेचं, म्हणजे ताम्रपाषाण काळातलं खापर असेल, लाल अंगावर काळी नक्षी, तर नखाने टिचकी मार. पक्कं भाजलेलं खणखणीत वाजतं. धुऊन वाळलं की आतल्या बाजूला चर आणि थराचा क्रमांक शाईने लिही. सर हे काम स्वतः करत, मजुरांशेजारी बसून. मजुरांना नावाने हाक मार. मातीचा पोत बदलला की त्यांच्या हाताला तुझ्याआधी कळतं, तेव्हा विचारत जा.