नाइटला आधी कुठल्या बेडकडे जायचं
अगं घाबरू नकोस, वॉर्डातल्या पहिल्या नाइट ड्युटीला आधी कुणाकडे जायचं ते कळत नाही, सगळ्या नर्सचंच असं होतं. चार बेडवरून एकदम हाका येतात आणि ज्याचे नातेवाईक जास्त ओरडतात त्याच्याकडे आपण आधी पळतो, तिथेच चुकतं. ओरडणाऱ्या पेशंटचा श्वास निदान चालूय, तू गप्प पडलेल्याकडे आधी बघ. हॅन्डओव्हर (आधीच्या शिफ्टकडून पेशंटची माहिती घेणं) झाला की औषधांची ट्रॉली नंतर, आधी एक चक्कर मारून प्रत्येकाचा चेहरा बघायचा. आणि श्वास पूर्ण 1 मिनिट मोज बाई, चार्टवर सगळ्यांना 20-20 लिहून मोकळं व्हायचं नाही (आम्हीही केलंय ते, खोटं कशाला बोलू). ऑपरेशनच्या पेशंटला आतून ब्लीडिंग असेल तर बीपी बऱ्याचदा उशिरा पडतो, त्याआधी पल्स वाढते, हातपाय गार पडतात, लघवी कमी होते, 60 किलोच्या माणसाला तासाला 30 मिलीच्या खाली गेली की लगेच कळवायचं. शांत आजोबा अचानक चुळबुळ करून नळ्या ओढायला लागले तर झोपेचं इंजेक्शन मागू नकोस, आधी ऑक्सिजन आणि शुगर बघ. डॉक्टरांना फोन करताना नुसतं 'पेशंट बरा वाटत नाहीये' नको, आकडे समोर ठेवून बोल, मग रात्री 3 ला चिडले तरी येतात.